पहिला नंबर मिळाला... आता त्याचं करायचं काय?

२७ एप्रिल २०१७. गुरुवारची संध्याकाळ. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं मामांचं घर. मामी किचनमध्ये बटाटेवडे तळताहेत, टीव्हीचा आवाज फुल्ल आहे आणि एरवी शांतपणे भीमसेन ऐकत बसणारे माझे मामा निळी-केशरी जर्सी घालून सोफ्याच्या अगदी कडेवर आलेत. मॅच नाहीये. एकही बॉल फेकला जाणार नाहीये. फक्त नावं वाचून दाखवणार आहेत!

मला ऑनसाइट येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी, एवढंच माझं ज्ञान. मामा मात्र १९८४ साली दादरहून शिकागोला आले आणि पुढच्याच सीझनमध्ये त्यांच्या नव्या गावाच्या टीमनं, म्हणजे शिकागो बेअर्सनं, सुपर बोल जिंकला. जानेवारी १९८६, स्कोअर ४६-१०. थंडीनं कुडकुडणाऱ्या त्या पोराला वाटलं, इथे हे असं दरवर्षीच होत असणार. त्यानंतर २०२५ चा सीझन संपेपर्यंत बेअर्सनी एकदाही सुपर बोल जिंकलेला नाही. मामांनी टीम बदललेली नाही.

तर त्या रात्री होता ‘ड्राफ्ट’. आपल्याला आयपीएलमुळे लिलाव माहितीये. ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्याचा खेळाडू. एनएफएलमध्ये तसं नाही. कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं ३२ टीम्सनी सात राउंड्समध्ये आळीपाळीनं निवडायची, आणि पहिला मान कुणाचा, तर आदल्या सीझनमध्ये जी सगळ्यात वाईट खेळली तिचा! चॅम्पियन टीम शेवटी. म्हणजे वर्गात शेवटून पहिला आलेल्याला पेपर आधी दाखवायचा. हा निवडीचा हक्क म्हणजे ‘पिक’. शेतातलं पीक नव्हे, पण येईलच याची खात्री दोन्हीकडे सारखीच. आणि हा हक्क विकता येतो, बदलता येतो, पुढच्या वर्षाचासुद्धा गहाण टाकता येतो. खरी गंमत इथेच आहे.

आदल्या सीझनमध्ये बेअर्स १६ पैकी १३ मॅचेस हरले होते, म्हणून त्यांचा नंबर तिसरा. पहिलं नाव झालं आणि अचानक जाहीर झालं, की बेअर्सनी सॅन फ्रान्सिस्कोबरोबर अदलाबदल करून दुसरा नंबर घेतलाय. एका जागेसाठी तीन जादा पिक्स दिले होते, त्यातला एक पुढच्या वर्षीचा.

‘‘एका जागेसाठी?’’ मामा उभेच राहिले. ‘‘अरे, रांगेत पुढे एकच माणूस आहे. त्याला पैसे देऊन कोण पुढे जातं?’’

नाव आलं मिचेल ट्रुबिस्की, क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे तो बॉल हातात घेऊन पास फेकणारा. कॅप्टन, ओपनर आणि विकेटकीपर एकाच माणसात कोंबल्यासारखी ही जागा. ती भरलेली नसेल तर बाकी टीम कितीही चांगली असू दे, फार काही होत नाही. मामी झारा हातात घेऊनच बाहेर आल्या आणि स्थळ आल्यासारखं विचारलं, ‘‘चांगला आहे का हो मुलगा?’’

‘‘तेरा,’’ मामा म्हणाले. ‘‘कॉलेजात पहिल्यापासून उतरून खेळलेल्या मॅचेस फक्त तेरा.’’

आठ जागांनंतर, दहाव्या नंबरवर, कॅन्सस सिटीनं पॅट्रिक माहोम्स नावाचा मुलगा घेतला. आमच्या घरात कुणी मान वर करून पाहिलंही नाही. आम्ही वडे खात होतो.

दुरून डोंगर साजरे

आता तुम्ही म्हणाल, बेअर्सचे सिलेक्टर्स मठ्ठ होते. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण मग ड्राफ्टचा इतिहास वाचत गेलो आणि लक्षात आलं, की या प्रकरणात शहाणा असा कुणी नाहीच.

ही पद्धत १९३५ मध्ये सुचवली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी. १९३६ च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबरही त्यांच्याच टीमचा. त्यांनी घेतला शिकागो युनिव्हर्सिटीचा जे बर्वांगर. त्याला पगार परवडेना, म्हणून त्याचे हक्क दिले, कुणाला? बेअर्सना! तिथेही पैशावरून जमलं नाही आणि एनएफएलचा पहिला ‘पहिला नंबर’ एनएफएलमध्ये एकही मॅच न खेळता नोकरीला लागला. मामांना हा किस्सा फार आवडतो. ‘‘आमची परंपराच आहे ती,’’ म्हणतात.

१९९८ मध्ये दोन क्वार्टरबॅक बरोबरीचे समजले जात होते, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. इंडियानापोलिसनं पहिल्या नंबरवर मॅनिंग घेतला. सॅन डिएगोनं बरंच काही देऊन तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर उडी मारली आणि लीफ घेतला. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. लीफचं नाव आज फसलेल्या ड्राफ्टचं उदाहरण म्हणून निघतं. २००० मध्ये १९८ पोरं घेऊन झाल्यावर कुणीतरी टॉम ब्रेडीला घेतलं. सात सुपर बोल! २००३ मध्ये तर मिनेसोटाचा सातवा नंबर होता आणि चर्चा करता करता त्यांची पंधरा मिनिटं संपली. मागच्या दोन टीम्स पळत जाऊन आपली नावं देऊन आल्या. मिनेसोटाला नववा नंबर मिळाला, तिथे त्यांनी केव्हिन विल्यम्स घेतला आणि तो पुढे लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्सवाल्यांपैकी एक ठरला. गोंधळ घालूनही सोनं हाती लागतं ते असं.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये अंडर-१९ पोरांसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. पहिला हक्क दिल्लीचा. दिल्लीचाच पोरगा, वर्ल्ड कप जिंकून आलेला कॅप्टन समोर. पण टीममध्ये सेहवाग, गंभीर, बॅटिंगला तोटा नाही. म्हणून दिल्लीनं लेफ्ट आर्म बोलर प्रदीप सांगवान घेतला. विराट कोहली गेला बेंगळुरूला. त्या दिवशीच्या गरजेप्रमाणे दिल्लीचं गणित बरोबरच होतं. फक्त गरज त्या सीझनची होती आणि कोहली पुढच्या दीड दशकाचा होता.

रिचर्ड थेलर, २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, यांनी केड मॅसीबरोबर एनएफएल ड्राफ्टचा अभ्यास केला होता. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा खरंच सरस ठरतो का? उत्तर निघालं नाणेफेकीपेक्षा किंचितच बरं. आणि या ‘किंचित’साठी टीम्स मोजतात किती! डॅलसच्या टीमनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक तक्ता बनवला, तो पुढे सगळ्या लीगनं बाजारभावासारखा वापरला. त्यात पहिल्या नंबरला ३००० पॉइंट्स, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२०० आणि दहाव्याला १३००. म्हणजे माहोम्स जिथे मिळाला ती जागा ट्रुबिस्कीच्या जागेच्या निम्म्या भावात.

या अभ्यासाचा निष्कर्ष सरळ आहे: वरचा नंबर मिळाला की विकून टाका, मागचे चार नंबर घ्या, जास्त वेळा नाणं उडवा. मला हे वाचून एकदम पटलं. मामांना नाही पटलं. ‘‘एक ना धड भाराभर चिंध्या,’’ ते म्हणाले आणि पुरावा दिला क्लीव्हलंडचा. क्लीव्हलंडनं २०१६ मध्ये आपला दुसरा नंबर फिलाडेल्फियाला विकून पिक्सचा ढीग जमवला. त्या सीझनला ते १६ पैकी एक मॅच जिंकले. पुढच्या सीझनला एकही नाही! आणि फिलाडेल्फियानं? फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल. तोसुद्धा विकत घेतलेला क्वार्टरबॅक जायबंदी असताना, बदली खेळाडूवर. कारण बाकीचं घर भक्कम होतं.

इथे आमचा मामा-भाच्याचा वाद पहिल्यांदा जागेवरून हलला. कदाचित प्रश्न नंबराचा नाहीच.

मधे थोडं माझंही

२०१७ मध्ये मीही एक ‘हाय पिक’ होतो. ट्रेनिंग बॅचमध्ये पहिला आलो म्हणून कंपनीनं मला एका गाळात रुतलेल्या प्रोजेक्टवर थेट शिकागोला पाठवलं. ऑफिसात पेढे वाटून निघालो होतो. ज्या सीनियरच्या हाताखाली शिकायचं, तो महिन्याभरात दुसऱ्या अकाउंटवर गेला. दहा महिन्यांत मॅनेजर तीन झाले, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. रात्री दोनला पुण्याशी कॉल, सकाळी आठला क्लायंटसमोर मीच. नोव्हेंबरमध्ये परत बोलावलं. अप्रेझलमध्ये एक ओळ होती, अपेक्षेप्रमाणे कामगिरी नाही.

ओहेअर एअरपोर्टवर सोडायला मामा आले होते. गाडीत रेडिओवर बेअर्सचीच चर्चा. ट्रुबिस्की ऑक्टोबरपासून खेळायला लागला होता आणि हरत होता. मी म्हटलं, ‘‘मामा, त्याला जमत नाहीये.’’ मामांनी रेडिओ बंद केला. ‘‘त्याच्याकडे पास झेलणारं कोण आहे ते बघ आधी,’’ म्हणाले. ‘‘कोच जाणार हे गावात सगळ्यांना माहितीये. पोराला शिकवणार कोण?’’ मग एकदम, ‘‘तुलाही कुणी शिकवलं नाही रे लेका. मी बघत होतो ना.’’

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

१ जानेवारी २०१८ ला बेअर्सचे कोच जॉन फॉक्स यांना काढलं. नव्या कोचनं सगळं नव्यानं मांडलं. २०१८ मध्ये टीमनं बारा मॅचेस जिंकल्यासुद्धा, पण ते यश मुख्यतः डिफेन्सचं. २०२० च्या सीझननंतर ट्रुबिस्की गेला.

आता तिकडे कॅन्सस सिटीत काय चाललं होतं बघा. माहोम्ससाठी त्यांनीही २७ व्या नंबरवरून उडी मारली होती, पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक देऊन. म्हणजे जुगार त्यांनीही खेळला. पण कोच अँडी रीड २०१३ पासून तिथेच. आदल्या सीझनमध्ये बारा मॅचेस जिंकलेली टीम. आणि खेळायला ॲलेक्स स्मिथ हा मुरलेला क्वार्टरबॅक होता, तोसुद्धा २००५ चा पहिला नंबर, सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातीची वर्षं वेगवेगळ्या कोचेसच्या हाताखाली पोळून निघालेला. माहोम्सनं पहिलं अख्खं वर्ष बाकावर बसून बघितलं. साखळीतली शेवटची मॅच तेवढी खेळला. पुढच्याच सीझनला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग फेब्रुवारी २०२०, २०२३ आणि २०२४ असे तीन सुपर बोल.

शिकागोला आला असता तर तो माहोम्स झाला असता का? मामा म्हणतात, नाही. मी म्हणतो, झाला असता पण उशिरा. यावर आमचं व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी भांडण होतं, मामी मधे पडून संपवतात.

बरं, बेअर्स शिकले का? २०२१ मध्ये पुन्हा तेच! विसाव्या नंबरवरून अकराव्यावर उडी, पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक न्यूयॉर्क जायंट्सला, आणि घेतला जस्टिन फील्ड्स. जानेवारी २०२२ मध्ये ज्यांनी त्याला निवडलं ते जनरल मॅनेजर आणि कोच दोघांनाही नारळ. नव्या मंडळींना हे पोर वारशात मिळालं. २०२४ मध्ये त्याला पिट्सबर्गला दिलं ते सहाव्या राउंडच्या एका अटीतटीच्या पिकवर. भंगाराचा भाव.

विकणारा आणि घेणारा

मधल्या काळात, २०२३ मध्ये, बेअर्सनी एक गोष्ट मात्र झकास केली. टीम रसातळाला गेली होती, पहिला नंबर हातात होता. त्यांनी तो कॅरोलायनाला विकला. बदल्यात नववा नंबर, दुसऱ्या राउंडचा एक, २०२४ चा पहिल्या राउंडचा, २०२५ चा दुसऱ्या राउंडचा आणि वर डीजे मूर नावाचा तयार रिसीव्हर! त्यातल्या नवव्या नंबरवरून आणखी एक पायरी उतरून त्यांनी डार्नेल राइट घेतला. हा क्वार्टरबॅकच्या पुढे उभा राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवणारा धिप्पाड गडी. पेपरात अशांचा फोटो येत नाही.

कॅरोलायनानं पहिल्या नंबरवर ब्राइस यंग घेतला. कोच नवा होता, तो अकरा मॅचेसनंतर गेला. टीम १७ पैकी दोन जिंकली, लीगमध्ये सगळ्यात वाईट. म्हणजे पुढच्या ड्राफ्टचा पहिला नंबर त्यांचा. पण तो तर त्यांनी आधीच विकलेला, बेअर्सना!

२६ एप्रिल २०२४, पुण्यात पहाटे साडेपाच. मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर, मामा फोनवर. बेअर्सनी केलेब विल्यम्स घेतला, दुसऱ्याच्या खर्चानं. मामांना गहिवरून आलं होतं. मी म्हटलं, ‘‘आता तरी घराला छप्पर घाला म्हणावं.’’

घातलं नव्हतं. त्या सीझनमध्ये विल्यम्सला ६८ वेळा बॉलसकट जमिनीवर आपटलं. सलग दहा मॅचेस हरले. नोव्हेंबरमध्ये आधी ऑफेन्सच्या कोचला काढलं, मग मुख्य कोचला. जरा मोजून बघा. ट्रुबिस्की, फील्ड्स, विल्यम्स. सात वर्षांत पहिल्या राउंडचे तीन क्वार्टरबॅक, आणि तिघांचाही पहिला कोच वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. पोरं तीन वेगळी, घर तेच.

म्हणून माझं आता स्पष्ट मत झालंय. वरचा नंबर आला की पहिला प्रश्न ‘कोणाला घ्यायचं?’ हा नाहीच. ‘आपल्याकडे आलेला माणूस टिकेल का?’ हा आहे. कोच पुढची तीन वर्षं राहणार आहे का, पुढची भिंत उभी आहे का, पहिलं वर्ष सांभाळून घेणारा कुणी जुना माणूस आहे का? याची उत्तरं ‘नाही’ असतील तर बिनदिक्कत विका, भिंत बांधा, आणि त्या वर्षी हरण्याची लाज बाळगू नका. उत्तरं ‘हो’ असतील आणि समोरचा क्वार्टरबॅक मनापासून पटला असेल, तर मात्र थेलरसाहेब माफ करा, घासाघीस न करता घ्यावा. कारण त्यांचा अभ्यास झाला तेव्हा वरच्या नंबरचे पगार भयंकर होते. २०१० च्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलर्सची गॅरंटी होती. २०११ पासून नवोदितांच्या पगाराला लगाम बसला आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबरचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा सगळा करार सव्वादोन कोटींच्या आसपास आला. चांगला क्वार्टरबॅक चार वर्षं स्वस्तात मिळतो. वाचलेल्या पैशात भिंत येते. पण ती आणायची मात्र आठवणीनं!

मामा याला ‘आयटीवाल्याचं शहाणपण’ म्हणतात. फॅनला तीन वर्षं थांबायला सांगणं सोपं आहे, असं त्यांचं म्हणणं. ते चाळीस वर्षं थांबलेत. हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

गेल्या वर्षी माझ्या टीममध्ये कॅम्पसमधून पहिल्या नंबरची एक मुलगी आली. मॅनेजमेंटला तिला लगेच क्लायंटसमोर उभं करायचं होतं. मी सहा महिने मागितले, बरंच हो-नाही झालं, चार मिळाले. शेजारी बसायला एक जुना माणूस दिला, तो कुरकुरला. बघू.

आणि बेअर्स? जानेवारी २०२५ मध्ये डेट्रॉइटहून बेन जॉन्सन यांना कोच म्हणून आणलं. भिंतीतली मधली तिन्ही माणसं नवी घेतली. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर कोल्स्टन लव्हलंड हा टाइट एंड घेतला, म्हणजे थोडं अडवणारा, थोडं झेलणारा, वऱ्हाडातल्या कामसू धाकट्या भावासारखा. मामा भडकले. ‘‘दहाव्या नंबरला टाइट एंड? वेड लागलंय यांना!’’ दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत, जणू मीच निवडला.

त्या सीझनला विल्यम्सला आपटण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि बेअर्सनी डिव्हिजन जिंकली. पण मला आठवतो तो नोव्हेंबरचा पहिला रविवार. आपल्याकडे सोमवार उजाडायला बराच अवकाश. रात्री तीनच्या सुमाराला फोन वाजला. परदेशातून रात्री तीनला फोन, आई दचकून उठली.

‘‘मामा, काय झालं? सगळे बरे आहात ना?’’

‘‘अरे, सतरा सेकंद!’’ मामा ओरडत होते. मागे मामींचं हसणं ऐकू येत होतं. ‘‘सतरा सेकंद उरली होती, आपण हरत होतो! विल्यम्सनं फेकला, अठ्ठावन्न यार्डांचा टचडाउन! सत्तेचाळीस-बेचाळीस! आणि झेलला कुणी माहितीये?’’

‘‘कुणी?’’

‘‘तो... तुझा तो टाइट एंड रे!’’